बर्फातली गाडी ऐकू येत नाही

डिचोलीहून एका मुलाचा प्रश्न आहे: "काका, दोन पावसाळे कुळे-दूधसागर भागात गाड्यांचे व्हिडिओ काढले. येत्या जानेवारीत आम्ही तिघे मित्र काश्मीरला जातोय. बर्फातून धावणारी गाडी शूट करायची आहे. थंडीने कॅमेरा बिघडतो का? जागा कुठल्या धरायच्या? लेन्स भाड्याने घ्यायची तर कोणती? परवानगीचं काय? आणि काश्मीरपेक्षा शिमला सोपं पडेल का?"

तू कॅमेऱ्याचं विचारलंस, मी कानांपासून सुरुवात करतो.

कुळ्याच्या बाजूला शूटिंग शिकलेल्या माणसाला एक सवय लागते: गाडी आधी ऐकायची, मग बघायची. ब्रागांझा घाटाचा चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मालगाडीला जादा इंजिनं लावावी लागतात आणि त्यांची घरघर दोन वळणं आधीच रानातून येऊन पोचते. थर्मासचं झाकण लावा, लेन्सचं टोपण काढा, मनासारखा कोन शोधा, तरी गाडी अजून यायचीच असते. लग्नाच्या शूटिंगवर पोट आणि गाड्यांवर जीव अशी माझी वीसेक वर्षं या सवयीवर मजेत गेली.

काश्मीरच्या पहिल्या खेपेला हीच सवय अंगाशी येणार होती. काझीगुंडच्या अलीकडे, फेब्रुवारीची सकाळ, रात्रभर पडलेला ताजा बर्फ. मी रुळांच्या नको तितका जवळ उभा होतो, कॅमेरा डोंगरांकडे, पाठ गाडीच्या दिशेला. लांबवर रुळांवरचा बर्फ ओढणारा रेल्वेचा एक माणूस हात हलवत होता. मला वाटलं, रामराम करतोय. मीही हात हलवला. मग त्याने शिटी फुंकली, तेव्हा कुठे मी मागे पाहिलं आणि बाजूच्या बर्फात अक्षरशः उडी टाकली. सात-आठ सेकंदांत गाडी निघून गेली. तेव्हा तिथे डिझेलवरची डेमू धावायची, म्हणजे चांगली आवाज करणारी गाडी. तरी ती जवळजवळ अंगावर येईपर्यंत मला ऐकू आली नव्हती.

यात जादू काही नाही. ताजा, भुसभुशीत बर्फ म्हणजे बहुतांश हवाच असते आणि तो पिंजलेल्या कापसासारखा आवाज पिऊन टाकतो. त्यात तुझ्या कानावर लोकरी टोपी, वर जॅकेटचा हुड. बनिहाल-बारामुल्ला मार्गाचं विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झालं, त्यामुळे आताची गाडी आणखी मुकाट येते. तेव्हा पहिला नियम असा की रुळांच्या कुंपणाच्या आत पाय टाकायचा नाही, आणि तिघांपैकी एकाने कॅमेऱ्यात न बघता फक्त दोन्ही दिशांना बघत राहायचं. आळीपाळीने करा, पण करा.

गाडी कधी येणार हे कानांऐवजी सिग्नलवरून आणि वेळापत्रकावरून ओळखायचं. हा मार्ग एकेरी आहे, आपल्या कोकण रेल्वेचा बराचसा भाग आहे तसाच. थिवीला किंवा करमळीला क्रॉसिंगसाठी ताटकळत बसण्याचा अनुभव तुला आहेच. तोच हिशोब इथे लावायचा: बनिहालकडे गेलेली गाडी कुठल्या स्टेशनात समोरचीला वाट देते हे एक दिवस नीट पाहून वहीत लिहून ठेवलंस, की दुसऱ्या दिवशी तुला पाच-दहा मिनिटांच्या अंदाजाने तयार राहता येईल. रेल्वेचं गाडीची स्थिती दाखवणारं ॲप चालू ठेव, पण बर्फ पडल्यावर त्यातल्या वेळेवर फार भिस्त ठेवू नकोस. आणि त्यासाठी फोन चालायला हवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. तिघांपैकी एकाकडे तरी असू दे.

आता कॅमेरा. उणे पाच-सात अंशांत चांगला कॅमेरा मुकाट्याने काम करतो, तिथली कोरडी थंडी त्याला फारशी बाधत नाही. त्याला मारतं ते पाणी, आणि पाण्याशी तुझी ओळख माझ्याइतकीच जुनी आहे. जुलैत पणजीच्या एसी हॉटेलातून कॅमेरा घेऊन बाहेर पडलास की लेन्सवर एकदम धुकं चढतं ना? आपल्याकडे पावसाळ्यात हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेली कुठलीही वस्तू बाहेर आणली की तिला घाम फुटतो. काश्मीरमध्ये तेच होतं, फक्त दार उलटं. तिथे बाहेर जाताना काही होत नाही, आत येताना होतं. दिवसभर उणे पाचात राहिलेला कॅमेरा तू बुखारी, म्हणजे तिथली शेगडी, पेटवलेल्या खोलीत आणलास की ओल्या कपड्यांची, चहाची आणि चार माणसांच्या श्वासाची सगळी वाफ त्याच्या थंड अंगावर, आणि थंड पोटातसुद्धा, पाणी होऊन बसते.

मी नेमकं हेच केलं होतं. बोटं बधिर झालेली, खोलीत शिरलो, कॅमेरा बुखारीशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि अगदी प्रेमाने लेन्सही काढून ठेवली, "जरा सुकू दे" म्हणून. सकाळी लेन्सच्या आतल्या काचेवर पुसता न येणारी साय. पुढचे दोन दिवस मी उत्तम प्रकाशात धावणाऱ्या गाड्या डोळ्यांनी पाहिल्या.

उपाय फुकटातला आहे. मोठ्या झिपच्या दोन-तीन जाड प्लॅस्टिक पिशव्या ने. खोलीत शिरण्यापूर्वी, बाहेरच थंडीत, कॅमेरा लेन्ससकट पिशवीत घालायचा, हवा दाबून काढायची आणि तोंड बंद करायचं. मग आत न्यायचा आणि बुखारीपासून लांब, दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवायचा. जे पाणी जमायचं ते पिशवीच्या बाहेरून जमेल. दोन तास हात लावायचा नाही. पिशवी बंद करण्याआधी कार्ड आणि बॅटरी काढून खिशात टाक, नाहीतर चित्रण बघायची घाई तुझ्याकडून पिशवी उघडून घेणार. विश्वास बसत नसेल तर घरी करून बघ. स्टीलचे दोन कोरडे पेले, एक उघडा आणि एक अशा पिशवीत घट्ट बंद करून, रात्रभर फ्रिजात ठेव. सकाळी दोन्ही ओट्यावर मांड. पाच मिनिटांत कळेल.

बाहेर जातानाही छोटी अडचण आहे, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. खोलीतून आणलेला उबदार कॅमेरा तू पडत्या बर्फात लगेच उघडलास तर लेन्सच्या कोमट काचेवर पडलेला प्रत्येक कण वितळतो, ओघळतो आणि काच थंड झाली की तिथेच गोठतो. म्हणून बाहेर पडल्यावर पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा बॅगेतच थंड होऊ द्यायचा. काच थंड झाली की तिच्यावर पडलेला बर्फ कोरड्या भुशासारखा असतो, झटकला की गेला. झटकायला नवा, मऊ, दाढीचा ब्रश ने. फडक्याने पुसलंस तर तो फरफटेल आणि तोंडाने फुंकलंस तर श्वासाची वाफ तिथे गोठेल. डोळा लावायच्या काचेवरही तेच होतं, म्हणून श्वास नाकाने, बाजूला. बर्फ पडत असताना कॅमेऱ्यावर धरायला आपली साधी काळी छत्री पुरते. थंडीत करकरणारी प्लॅस्टिकची रेनकव्हरं मला कधी आवडली नाहीत, त्यांचा आवाज माइकमध्ये येतो.

बॅटऱ्या मात्र थंडीत खरोखरच मान टाकतात. पूर्ण भरलेली बॅटरी तासाभरात लाल दाखवू लागली तर घाबरू नकोस. ती रिकामी झालेली नसते, आतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते. बनियनच्या वरच्या खिशात, अंगाशी, अर्धा तास ठेवलीस की पुन्हा काही मिनिटं काम देते. एक कॅमेऱ्यात, दोन छातीशी, अशी पाळी लावायची. एवढं लक्षात ठेव की शून्याखाली गारठलेली लिथियम बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, आतून कायमची खराब होते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेत, हे माहीत असेलच.

ट्रायपॉडच्या धातूच्या नळ्या उघड्या हाताने पकडवत नाहीत. वरच्या भागाला प्लंबर पाइपवर चढवतात तो फोम गुंडाळ, किंवा सायकलच्या हँडलची पट्टी. पाय बर्फात रुततात आणि मध्येच एक बसतो, चौकट तिरकी होते. म्हणून आधी बुटाने दाबून जागा घट्ट करून घे. तेलावर फिरणारं हेड थंडीत जड होतं आणि पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, गचके देतं. मी तिथे पॅन करतच नाही. चौकट स्थिर, गाडी येते, जाते, नंतर बर्फाची धूळ खाली बसेपर्यंत कॅमेरा चालू. त्या शेवटच्या वीस सेकंदांसाठी तर जायचं.

एक्सपोजरचं सांगायला मला लग्नांचाच दाखला सुचतो. आपल्याकडच्या ख्रिश्चन लग्नात नवरीचा पांढरा गाऊन आणि नवऱ्याचा काळा सूट एकाच चौकटीत असतात. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर ती जवळ आली की सगळं काळवंडतं आणि तो पुढे आला की गाऊनची लेस जळून जाते. बर्फातल्या गाडीचंही अगदी तसंच. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उजेडातला ८०-९० टक्के परत फेकतो, मीटर घाबरतं आणि बर्फ मळक्या धोतरासारखा दिसतो. तेव्हा मीटर सांगेल त्याहून एक ते दीड स्टॉप जास्त उजेड घ्यायचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). झेब्रा, म्हणजे फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय, असेल तर तो लावून बर्फाचा सगळ्यात उजळ भाग नुकता पट्ट्यांत येतोय आणि बाकीचा येत नाहीय, तिथे थांबायचं. मग सगळं मॅन्युअल करून कुलूप लावायचं. कारण गाडी चौकटीत शिरताच तिचा हेडलाइट मीटरच्या डोळ्यांत जातो आणि ऐन वेळी चित्र गपकन अंधारतं. फोनवर शूट करणार असशील तर बर्फावर बोट दाबून धरून फोकस-एक्सपोजर लॉक कर आणि उजेडाची पट्टी थोडी वर सरकव.

व्हाइट बॅलन्सही ऑटो नको. ढगाळ सकाळी साडेसहा हजार केल्विन, उन्हात साडेपाच. सावलीतला बर्फ थोडा निळा राहणारच, निळ्या आकाशाचा उजेड आहे तो. संगणकावर बसून तो धुऊन पांढराशुभ्र केलास तर थंडीच निघून जाईल. उलट सगळंच निळं करायची फॅशन आहे, तीही मला सोसत नाही.

सेकंदाला २५ फ्रेमचा व्हिडिओ असेल तर शटर १/५० ठेव. स्टेशनचे दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर चालतात, त्यामुळे या शटरला ते लुकलुकत नाहीत. या वेगाला पडता बर्फ रेघांसारखा ओढलेला दिसतो. कण सुटे, तरंगते हवे असतील तर १/२०० कर, पण दिवे तपासून. उन्हात १/५० ठेवायला एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लागेलच. फोकस हातानेच. ऑटोफोकस समोरून पडणाऱ्या कणांच्या मागे धावतो, जशी मांजर पतंगांच्या मागे. गाडी जिथे हवी आहे तिथला विजेच्या तारेचा खांब पकड, त्यावर फोकस लाव आणि रिंगला चिकटपट्टी. खांबावर किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो, तो टिपून ठेव. बर्फाने सगळं एकसारखं झाल्यावर कालची जागा त्या आकड्यावरूनच सापडते.

जागांकडे येतो. २१ डिसेंबरपासून जानेवारीच्या अखेरपर्यंतचे चाळीस दिवस म्हणजे काश्मीरचं चिल्लई कलान, कडाक्याची थंडी. पण थंडी म्हणजे बर्फ नव्हे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गसुद्धा बराच काळ कोरडं होतं. बर्फ आणतो तो पश्चिमेकडून येणारा विक्षोभ, म्हणजे ओल घेऊन येणारी वादळी हवा, आणि हवामान खातं त्याचा अंदाज काही दिवस आधी देतं. तारखा हातात असतील तर जानेवारीचा शेवटचा आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा धर. विक्षोभाच्या आदल्या दिवशी पोचायचं आणि तो सरल्यावर किमान दोन दिवस राहायचं. पडत्या बर्फात डोंगर दिसत नाहीत. तो थांबल्यानंतरच्या स्वच्छ सकाळी पीर पंजाल असा उभा असतो की कालपर्यंत तो तिथे होता यावर विश्वास बसत नाही.

मार्गाचा दक्षिण भाग धर. श्रीनगरच्या स्टेशनवर, म्हणजे नौगामला, बर्फ कमी आणि माणसं जास्त. बनिहाल, हिल्लर, काझीगुंड, सदुरा, अनंतनाग हा पट्टा माझ्या मते सगळ्यात चांगला, आणि खोऱ्यात बर्फही काझीगुंडकडे जास्त पडतो. बनिहाल आणि काझीगुंड यांच्यामध्ये पीर पंजालचा ११.२ किलोमीटरचा बोगदा आहे, जून २०१३ मध्ये सुरू झालेला. त्याच्या दोन तोंडांना दोन वेगळी हवामानं असू शकतात. एका बाजूला ऊन, गाडी आत शिरते, आठ-दहा मिनिटं काळोख, आणि दुसऱ्या बाजूला भरून आलेलं आभाळ आणि बर्फ. हा प्रवास गाडीत बसूनच चित्रित कर. बोगद्यात शिरायच्या आधीच बाहेरच्या बर्फासाठी एक्सपोजर लॉक करून ठेव आणि बोगद्यात पडदा काळा दिसला तरी हात लावू नकोस. ऑटोवर असलास तर बाहेर येताच दोन सेकंद सगळं पांढरं फटक होईल, आणि तुला हवे आहेत ते नेमके तेच दोन सेकंद. खिडकीच्या काचेवर आतून तुमच्याच श्वासाची वाफ साचते. कोरडा रुमाल हाताशी ठेव, लेन्सला रबरी हुड लावून ती काचेला टेकव आणि मित्राला जॅकेटने मागचा उजेड अडवायला सांग. दारात उभं राहून शूटिंग करायचं नाही. दाराच्या पायऱ्यांवर बर्फ घट्ट होऊन काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो.

चिनाबचा पूल जरूर बघ. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच, लांबी १३१५ मीटर, आणि जून २०२५ पासून त्यावरून कटरा-श्रीनगर वंदे भारत धावते. पण बर्फाच्या आशेने तिथे जाऊ नकोस. ती जागा काश्मीर खोऱ्यापेक्षा बरीच खालच्या उंचीवर आहे, शिवाय पहारा कडक. वंदे भारत खोऱ्यात आल्यावर टिपता येते. ड्रायव्हरसमोरची काच गोठू नये म्हणून तिच्यात तापवायची सोय आहे, त्यामुळे सगळी गाडी बर्फाने माखलेली आणि समोरची काच तेवढी लख्ख काळी, असं मजेशीर दृश्य मिळू शकतं.

लेन्सचा प्रश्न इथेच सुटतो. आपल्या घाटात झाडी अंगावर येते, म्हणून तुझा हात रुंद लेन्सवर बसलेला असणार. काश्मीर खोरं सपाट आहे. रुंद लेन्स लावलीस तर अर्धी चौकट पांढरी जमीन, अर्धी पांढरं आभाळ, मध्ये आगपेटीएवढी गाडी आणि डोंगर म्हणजे क्षितिजावरची सुरकुती. भाड्याने ७०-२०० मिलिमीटरची झूम घे. दीडशेच्या पुढे गेलास की लांबचे डोंगर गाडीच्या टपावर येऊन बसतात. पॉपलरची उघडी, काळी खोडं, विलोच्या फांद्या, कुणाच्या पत्र्याच्या छपरावरून निघणारा धूर, असं काही तरी पुढे किंवा मागे धर. ढगाळ दिवशी पांढऱ्यात पांढरं मिसळतं आणि अशा गडद रेघाच चित्राला उभं करतात. गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा मोटारींचा दांडा, घरी ठेव. त्याच्या मोटारी थंडीत बॅटरी पितात आणि हातमोज्यांनी त्याची बटणं दाबता येत नाहीत.

सगळ्यात चांगला शॉट बर्फ पडून गेल्यानंतरच्या पहिल्या गाडीचा. रुळांवरचा बर्फ अजून कुणी विस्कटलेला नसतो आणि गाडी तो पिठासारखा उधळत येते. बर्फ कोरडा असेल तरच. ओला बर्फ नुसता चिखलासारखा बाजूला पडतो, आणि खोऱ्यात ओला बर्फही खूप पडतो. वारा कुठून येतोय ते आधी बघ. वारा जिथून येतो त्या बाजूला उभा राहिलास तर उधळलेला बर्फ तुझ्यापासून लांब जाईल, दुसऱ्या बाजूला राहिलास तर गाडीच दिसणार नाही. त्या ढगातून बर्फाचे आणि खडीचे तुकडेही उडतात, अंतर ठेवायचं हेही एक कारण. खूप थंडीच्या पहाटे तारेवर दहिवर गोठलेलं असतं आणि पेंटोग्राफ, म्हणजे गाडीच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा, घासून निळ्या-हिरवट ठिणग्या पडतात. उजाडायच्या आधीच्या अंधुक प्रकाशात त्या फार सुंदर दिसतात. त्यासाठी लवकर उठ. जानेवारीत तिथे सूर्य साडेसातनंतरच उगवतो, म्हणजे आपल्या मानाने "लवकर" फार अवघड नाही.

आवाज कॅमेऱ्यावरच्या माइकवर सोडू नकोस. वर सांगितलं तसं बर्फ आवाज पितो, आणि उरलेला वारा खातो. केसाळ टोपी घातलेला छोटा रेकॉर्डर स्टेशनच्या छपराखाली ठेव. गाडी थांबताना ब्रेकची किणकिण, डब्याच्या छपरावरून घसरून पडणाऱ्या बर्फाचा धप्प, "चाय, चाय" न म्हणता नुसतं झाकण वाजवणारा चहावाला. माझ्या तिथल्या चित्रणात मला स्वतःला आज जे आवडतं ते निम्मं याच आवाजांत आहे.

परवानगीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण तू दूधसागरला शूटिंग शिकलेला आहेस. २०२३ च्या पावसाळ्यात रुळांवरून धबधब्याकडे निघालेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, त्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी हसत पाहिले. काश्मीरमध्ये असल्या गोष्टीवर कुणी हसणार नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो देशभर तोच आहे, फक्त तिथे त्याच्यासोबत बंदूकधारी जवानही असतात. बोगद्यांची तोंडं, पूल, चौक्या आणि जवान यांच्याकडे लेन्स रोखायची नाही. ड्रोन तर घरून आणूच नकोस. स्टेशनवर ट्रायपॉड उघडण्याआधी स्टेशन मास्तरांना भेट, ओळखपत्र दाखव, आधी काढलेला घाटातला एखादा व्हिडिओ दाखव. दूधसागरवरून जाणारी गाडी बघून एका मास्तरांनी मला स्वतःहून पादचारी पुलावरची चांगली जागा दाखवली होती. नाही म्हणाले तर नाही. वाद घालायचा नाही.

खरं तर पादचारी पूल आणि रस्त्यावरचे ओव्हरब्रिज याच तुझ्या हक्काच्या जागा. कॅमेरा कठड्यावर टेकतो, उंची मिळते, रुळांजवळ जावं लागत नाही. सफरचंदाच्या बागांतूनही कोन छान मिळतात, पण मालकाला विचारून. बर्फाने वाकलेल्या फांद्या हलक्या धक्क्याने मोडतात आणि ती त्याची वर्षाची कमाई असते. विचारलंस तर बहुधा चहाही मिळेल. आणि बर्फाच्या खाली काय आहे ते कधीच दिसत नाही. गटार, पाटाचं पाणी, काटेरी तार. हातात काठी घेऊन आधी टोचून मगच पाय टाक.

अंगावर सुती काही नको. घाम धरून ठेवतं आणि थांबलास की गार पडतं. आत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं. आपले शेतातले गमबूट तिथे पाय गोठवतात, माझा अनुभव आहे. आत अस्तर असलेले बूट घे, तेही लोकरीच्या मोज्यांसाठी एक नंबर मोठे. खोरं सुमारे सोळाशे मीटर उंचीवर आहे, तेव्हा विरळ हवेची काळजी नको. फेरनच्या, म्हणजे तिथल्या घोळदार झग्याच्या, आत धरायला कुणी कांगडी, निखाऱ्यांची छोटी शेगडी, दिली तर जरूर घे, पण तेव्हा कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दे. कॅमेरा ऊब आणि थंडी यांच्यामध्ये नाचवायचा नाही, एवढं आता तुला पाठ झालं असेल.

शिमला सोपं आहे का? पोचायला, हो. मडगावहून संपर्क क्रांती थेट चंडीगडला जाते, तिथून कालका जवळ. ७६२ मिलिमीटर रुंदीचा चिमुकला मार्ग, १९०३ चा, ९६ किलोमीटर, शंभराहून अधिक बोगदे. गाडी ताशी पंचवीसच्या आसपास चालते, त्यामुळे टॅक्सीने पुढे जाऊन तीच गाडी तीन-चार ठिकाणी टिपता येते. काश्मीरमध्ये ही चैन नाही. पण बर्फ साधारण तारादेवी, समर हिल, शिमला या वरच्या टोकालाच पडतो, तोही भरवशाचा नाही, आणि दुसऱ्या दुपारपर्यंत रुळांवरून वितळलेला असतो. तिघांचा पहिलाच बर्फ, हातात चार दिवस आणि निवांत काम हवं असेल तर शिमला. बर्फाची जास्त खात्री हवी असेल तर काश्मीर.

पुढे कधी पैसे जमले तर स्वित्झर्लंडचा बर्निना मार्ग. मी एकदाच गेलोय. १९१० चा, २२५३ मीटर उंचीवरून जाणारा, आणि मीटर गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर एक मीटर. आपल्या घाटातही नव्वदच्या दशकापर्यंत मीटर गेजच होतं. पण आपला चढ १ ला ३७ आणि त्यांचा १ ला १४, दातेरी रूळ न लावता. तिथे गाडी लाल असते आणि बर्फ हमखास असतो, म्हणून जगभरचे लोक तिथे जातात. मला मात्र सदुऱ्याच्या फलाटावर बर्फ झटकत चढणाऱ्या शाळकरी पोरांचा शॉट जास्त जवळचा वाटतो. चौकटीत माणसं असू द्या, एवढंच म्हणायचं होतं.

परतीचं एक राहिलं. मोपा विमानतळावर उतरलास की बाहेर येऊन लगेच बॅग उघडू नकोस. सामानाच्या पोटातून गारठून आलेला ट्रायपॉड आणि एसीत राहिलेला कॅमेरा आपल्या दमट हवेत पुन्हा घामेजतात, आणि ती ओल बॅगेत कोंडली की महिन्याभरात लेन्सवर बुरशी. घरी पोच, पंख्याखाली बॅग तशीच बंद ठेव, जेवून घे, मग उघड. ट्रायपॉडचे पाय पूर्ण बाहेर ओढून, पुसून, रात्रभर उघडे ठेव. आत काश्मीरचं पाणी असतंच.